दोन आण्याची आत्या

पुण्या-मुंबईकडचे आमचे पाहुणे म्हणतात, की तुमचं वऱ्हाड पन्नास वर्षं मागे आहे. हे काही खरं नाही. नीट हिशेब केला तर आम्ही १ एप्रिल १९५७ या तारखेवर उभे आहोत. त्या दिवसापासून आणे गेले आणि नवे पैसे आले, असं सरकारनं जाहीर केलं. ही बातमी आमच्यापर्यंत पुरती पोचलेली नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट खरी असली, की ती अजून सोळा आणे खरी असते. सरकार पिकाची पैसेवारी काढतं आणि पारावर बसलेला शेतकरी तिला आणेवारीच म्हणतो. आणि आमच्या घरात एक आत्या होती, तिचं नावच ‘दोन आण्याची आत्या’ पडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आत्याची किंमत इतकी कमी? तर ती किंमत नव्हती, हिस्सा होता. अकोल्याला आमच्या आजोबांची भागीदारीत एक जिनिंग-प्रेसिंग होती. चार भागीदार. दोघांचे चार-चार आणे, एकाचे तीन आणि आजोबांचे पाच. बेरीज सोळा. कुणाचा किती हिस्सा हे टक्क्यात सांगायची तेव्हा पद्धत नव्हती. धंदा म्हणजे एक रुपया धरायचा आणि त्यात आपले आणे सांगायचे. जुन्या वतनदारांच्या घरांत हिश्श्याला ‘तक्षीम’ म्हणत आणि तिच्यावरून तीन-तीन पिढ्या भांडत. जिनिंगवाले सुधारलेले. ते एकाच पिढीत भांडून घेत.

त्या काळात जिनिंगमध्ये हिस्सा असणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. मग कापसामागे आगगाडी आली. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आगगाडीमागे जिना आणि प्रेस आले. शेतकऱ्यानं बंडीतून कापूस आणायचा, जिनात रुई आणि सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या आणि गाठी मुंबईला रवाना. धंदा असा, की मोसम चार-पाच महिन्यांचा आणि नफा बारा महिन्यांचा. साहजिकच ज्याच्या-त्याच्या मनात आलं, की आपणही एक जीन काढावी. पाहता पाहता कापूस थोडा आणि कारखाने फार अशी अवस्था झाली.

यावर आमच्या वऱ्हाडी कारखानदारांनी जो उपाय काढला, त्याला तोड नाही. त्याचं नाव ‘पूल’. गावातल्या सगळ्या कारखान्यांनी एकत्र यायचं, सरकी काढण्याचा आणि गाठी बांधण्याचा एकच दर ठरवायचा, येणारं उत्पन्न एका पेटीत टाकायचं आणि आधी ठरलेल्या हिश्श्यांनी वाटून घ्यायचं. सगळे कारखाने चालवायची गरजच नाही. काही चालायचे, काही कुलूप लावून बसायचे. पण हिस्सा दोघांनाही. काही शहाण्यांनी तर कापसासाठी नव्हे, पुलात हिस्सा मिळावा म्हणूनच कारखाने उभे केले. आमचे आजोबा सांगत, की त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भरभराटीची तीन वर्षं म्हणजे जिनिंग बंद होती ती. ना बॉयलर, ना कोळसा, ना मजूर. नुसता मोसमाअखेर हिस्सा. या भरभराटीचा भार बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यावर पडत होता, हे ते सांगत नसत. तेवढं आपण समजून घ्यायचं.

पुढे लढाईच्या काळात बॉयलर फुटायला आला. नवीन मिळेना, जुना दामदुपटीनं मिळेना. भागीदारांनी आपापल्या आण्यांप्रमाणे पैसे काढायचे ठरले. आजोबांकडे पाच आण्यांइतका मान होता, पैसे नव्हते. तेव्हा एलिचपूरला – म्हणजे आताच्या अचलपूरला – दिलेली माझी आत्या नुकतीच विधवा झाली होती. पदरात दोन वर्षांची मुलगी. तिनं आपल्या चार पाटल्या आणि दोन गोठ बापाच्या हातावर ठेवले. आजोबा म्हणाले, “हे कर्ज नाही. हा हिस्सा.” आणि त्यांनी मुनीमजींना बोलावून वहीत आपल्या पाचातले दोन आणे तिच्या नावावर लिहिले. एका बाईचं नाव वहीत चढलेलं पाहून बाकीचे भागीदार चपापले. पण बॉयलर आला होता. वाफेपुढे कुणाचं चाललं नाही.

आमच्या आजोबांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण नाव वहीत लिहिणं म्हणजेच मालकी, ही कल्पना फार जुनी. डच लोकांनी १६०२ साली पूर्वेकडच्या व्यापारासाठी कंपनी काढली, तिचे हिस्से अगदी घरगड्या-मोलकरणींनीसुद्धा घेतले. त्या कंपनीचा १६०६ सालचा एक कागद २०१० मध्ये हॉलंडातल्या होर्न गावच्या दफ्तरखान्यात एका विद्यार्थ्याला सापडला आणि जगातला सर्वांत जुना शेअर म्हणून तो गाजला. गंमत अशी, की तो कागद म्हणजे नुसती पैसे भरल्याची पावती. खरा शेअर होता कंपनीच्या वहीत. विकायचा असला तर कचेरीत जायचं, लिहिणाऱ्यासमोर उभं राहायचं आणि एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर तो चढवून घ्यायचा. कागद हरवला तरी चालेल, वही हरवता कामा नये. आणि वही लिहिणारा चुकता कामा नये, हे ओघानं आलंच.

आमच्या वहीत चूक झाली ती १९५७ साली.

आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. भागीदार मेला की भागीदारी डळमळते. कंपनीला मात्र मरण नसतं. तेव्हा वकिलांनी सल्ला दिला, की आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून टाका. नवा कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ ला लागू झाला होता. त्यात खासगी कंपनीला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पन्नास सभासद लागत आणि शेअर बाहेरच्याला विकण्यावर बंधन घालता येत असे. म्हणजे घरचं भांडण घरातच राहण्याची कायदेशीर सोय. वकील हुशार होते. ते म्हणाले, हजार रुपयांचा एक असे शंभर शेअर काढा. हिशेब सोपा, एक शेअर म्हणजे एक टक्का.

सोपा हिशेब नेहमी अवघड जागी येऊन अडतो. सोळा आण्यांचे शंभर शेअर करायचे. चार आण्यांचे पंचवीस, ठीक. तीन आण्यांचे पावणेएकोणीस. दोन आण्यांचे साडेबारा. आता पाऊण शेअर आणि अर्धा शेअर लिहायचा कुठे? मुनीमजींनी वर पाहिलं. भिंतीवर आण्यांचे नवे पैसे करण्याचा सरकारी तक्ता टांगलेला होता. त्या वर्षी तो घरोघर होता. मी तेव्हा तिसरीत होतो आणि मास्तरांनी तो आमच्याकडून छडीच्या तालावर पाठ करून घेतला होता: एक आणा सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. पोस्टाच्या तिकिटाला आणि शेंगदाण्याच्या पुडीला हा तक्ता ठीकच होता. अर्ध्या नव्या पैशासाठी कोण रडतं? मुनीमजींनी तोच तक्ता कंपनीला लावला. चार आणेवाल्या दोन घरांना पंचवीस-पंचवीस, तीन आणेवाल्या दोन घरांना एकोणीस-एकोणीस, आत्याला बारा. तुम्ही बेरीज करून पाहा. पंचवीस, पंचवीस, एकोणीस, एकोणीस आणि बारा. बरोबर शंभर!

बेरीज जुळली की आपला समाज पुढे काही विचारत नाही. वकील खूश, मुनीमजी खूश, संचालक खूश. या संचालकांत आमचे बाबा होते. आजोबांचे उरलेले तीन आणे आता बाबांचे झाले होते, म्हणजे एकोणीस शेअरवालं एक घर आमचंच. आत्याचा जो अर्धा शेअर वाटेत कुठेतरी गळाला, त्यातला पाव शेअर आमच्या घरी जेवायला येऊन राहिला. पण हे मला फार उशिरा कळलं.

आत्या दर दिवाळीला अकोल्याला यायची. अचलपूरहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला, म्हणजे आमची छोटी गाडी, आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोला. या शकुंतलेची मालकी हा एक स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही १९१० साली निघालेली खासगी कंपनी, किलिक निक्सन तिची व्यवस्था पाहणार, आणि कापूस वाहायला अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ असा हा अरुंद फाटा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक गाड्या सरकारच्या झाल्या, तरी ही कंपनीचीच राहिली. चालवायची सरकारनं आणि मोबदला कंपनीला. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर ती इतक्या सावकाश धावली, की मालक कोण याचा विचार करायला प्रवाशांना भरपूर वेळ मिळत असे. डब्यातल्या चर्चेचा निकाल ठरलेला: “अजून इंग्रजाचीच हाय बाप्पा!” आत्या त्या गाडीतून उतरायची आणि म्हणायची, “गाडी कोनाची ते कोनाले मालूम नाई, अन् माह्या दोन आन्याची मात्र साऱ्या गावाले खबर!”

पुढे १९७१ साली बाबा गेले. आणि त्याच सुमाराला आत्यानं एक नवंच टुमणं सुरू केलं. कुणी लग्नाचं बोलायला बसो की बारशाचं, ती मधेच विचारायची, “ते सारं खरं. पन माहा अर्धा शेअर कोनं खाल्ला?” आधी लोक गोंधळायचे, मग हसायचे. अर्धा शेअर नावाची वस्तू कंपनीच्या कायद्यात नाही, हे तिला कितीदा समजावलं. मी तेव्हा नुकता अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागलो होतो, त्यामुळे मला जगातलं सगळं ठाऊक होतं. मी तिला कागदावर बेरीज करून दाखवली. पंचवीस, पंचवीस, एकोणीस, एकोणीस, बारा. “बघ आत्या, शंभर झाले. मग अर्धा उरेलच कुठून?” तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “तू शिकला लय. बापासारखा नाई झाला.” आम्ही म्हटलं, पन्नाशी उलटली, एकटी राहते, होतं असं.

इकडे जिनिंगचेही दिवस फिरले. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली, सगळा कापूस सरकारी योजनेत गेला आणि आमची जिनिंग मजुरीवर दुसऱ्याचा कापूस पिंजायला लागली. मग तीही थांबली. आत्या १९९४ साली गेली. तिचे बारा शेअर तिच्या मुलीच्या, आमच्या परतवाड्याच्या ताईच्या नावावर चढले. कंपनी मात्र, वकिलांनी म्हटल्याप्रमाणे, मेली नाही. कुलूपबंद शेड, आत कबुतरं आणि वर्षातून एकदा पाच घरांची सर्वसाधारण सभा. तिथे चहा मंजूर होई.

अधूनमधून कुणीतरी सभेत अमळनेरचं नाव काढून उसासा टाकायचं. अमळनेर आमच्यापासून लांब नाही, खानदेशात. तिथे २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावानं वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातल्या साध्या लोकांनी शंभर-शंभर रुपयांचे शेअर घेतले. १९६६ साली मालक वारले, एकवीस वर्षांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला, आणि तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली. ज्यांनी ते कागद ट्रंकेत तळाशी ठेवले, विकायचं विसरले, ते बोनस आणि विभागण्या होत होत कोट्यधीश झाले. विसराळूपणाला एवढं बक्षीस महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. आमच्या सभेत कुणीतरी म्हणे, “त्यांच्या तुपातून संगणक निघाले, आमच्या रुईतून कबुतरं!”

आणि तो संगणक शेवटी आमच्याकडेही आला. गेल्या वर्षी एकानं जिनिंगची जागा घ्यायची तयारी दाखवली. नुसती जागा नव्हे, कंपनीच. अकोला आता जिनिंगच्या चारी बाजूंनी वाढलेलं, त्यामुळे भाव ऐकून कबुतरंसुद्धा स्तब्ध झाली असावीत. घेणाऱ्याची अट एकच: कंपनी कुणाकुणाची आणि किती, ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ लिहून द्या आणि शेअर डिमॅट करा.

डिमॅट म्हणजे कागद जाऊन पुन्हा नुसती नोंद. १९९६ साली त्याचा कायदा झाला. शेअर बाजारातल्या कंपन्यांचं तेव्हाच सुरू झालं. खासगी कंपन्यांची पाळी आली ती ऑक्टोबर २०२३ च्या नियमानं. त्यातून लहान कंपन्या वगळल्या आणि बाकीच्यांना आधी ३० सप्टेंबर २०२४ आणि मग ३० जून २०२५ ची मुदत दिली. आमची कंपनी लहानात लहान, म्हणून नियमातून सुटलेली. पण गिऱ्हाइकाच्या तावडीतून नव्हे. चारशे वर्षांपूर्वी डच लोक जिथे होते, तिथे आपण फिरून आलो, असं मी सभेत म्हणालो. कुणी दाद दिली नाही.

माझा नातू पुण्याला अशाच एका कंपनीत आहे, जी दुसऱ्या कंपन्यांचे हिस्से सांभाळण्याची प्रणाली तयार करते. आधी मला वाटलं, हिस्से सांभाळायला कंपनी कशाला, मुनीम पुरे. पण हल्लीच्या नव्या कंपन्यांचं प्रकरण वेगळं आहे. काढणारे दोघे-तिघे, पैसे घालणारे टप्प्याटप्प्यानं येणारे, दर टप्प्याला नवे शेअर निघतात आणि जुन्यांची टक्केवारी पातळ होते. दुधात पाणी घालावं तशी. फक्त इथे पाणी घालणारा पैसे देतो. शिवाय नोकरांनाही हिस्सा. नातवाला स्वतःला मिळाला आहे. “आबा, चार वर्षांत थोडे थोडे मिळतात. पहिलं वर्ष भरायच्या आत सोडलं तर काहीच नाही.” किमान एक वर्ष थांबायलाच हवं, असं आपल्या कायद्यातही आहे म्हणे. मी म्हटलं, “म्हणजे तू सालदारच की रे! पाडव्याला ठरलेला.” त्याला सालदार समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

तर हा नातू दिवाळीच्या सुट्टीत आला आणि आमच्या पाच घरांना अकोल्यात एकत्र बसवून त्यानं ते यंत्र उघडलं. म्हणाला, “हे आपलं कॅप टेबल.” पंच्याऐंशी वर्षांच्या ताईनं चष्मा पुसत विचारलं, “टेबल? सागवानी हाय का?”

सुरुवातीला सगळं सुरळीत. पाच नावं, पाच आकडे, बेरीज शंभर. यंत्रानं हिरवी खूण दाखवली. चहा मागवायचा एवढ्यात ते यंत्र म्हणालं – म्हणजे त्यानं एक रिकामा चौकोन दाखवला – की हे शेअर आले कुठून? प्रत्येक शेअरचा जन्म सांगा. कधी, कशाच्या बदल्यात, आधी कुणाकडे? आमच्या मुनीमजींना साठ-सत्तर वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग जुनी लाल कापडात बांधलेली वही निघाली, आण्यांचं पान निघालं, नातवानं दोन आणे टाकले आणि यंत्रानं उत्तर दिलं: साडेबारा. समोर लिहिलेले बारा. चौकोन लाल झाला.

खोलीत कुणी बोललं नाही. ताई फक्त म्हणाली, “आई हेच तं म्हने.”

मी खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही, ती काही पश्चात्तापानं नव्हे. माझ्या मनात हिशेब चालला होता. जागेच्या भावानं अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांच्या घरात, त्यातला अर्धा आमच्याकडे. सत्तर वर्षांपूर्वीचं काय उकरायचं, आत्या गेली, मुनीमजी गेले, बेरीज तर जुळते आहे, अशी सगळी विद्वत्ता मी माझ्याशीच पाजळत होतो. कॉलेजात चाळीस वर्षं शिकवलेलं असं वेळेला उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी नातू जुने लाभांश भरत बसला होता. त्याला बाबांच्या घरखर्चाच्या वह्या हव्या होत्या, कारण कंपनीच्या काही वर्षांच्या नोंदींना कसर लागली होती. तो एकदम म्हणाला, “आबा, पणजोबा भाऊबीजेला साडेतेवीस रुपये का घालायचे?”

मी म्हटलं, “साडेतेवीस? ओवाळणी अकरा असते, एकवीस असते. साडेतेवीस कुणी घालतं का?”

त्यानं वही पुढे केली. बाबांचं ठसठशीत अक्षर. १९६३: भाऊबीज, साडेतेवीस. पुढच्या वर्षी सव्वीस. त्याच्या पुढच्या वर्षी एकवीस रुपये पन्नास पैसे. मधे एका वर्षी नुसते अकरा. नातवानं शेजारी लाभांशाचा रकाना लावला. १९६३ साली दर शेअरला सत्तेचाळीस रुपये. पुढच्या वर्षी बावन्न. मग त्रेचाळीस. आणि अकराच्या वर्षी लाभांश जाहीरच झालेला नव्हता.

अर्धा शेअर. दर वर्षी, पैशापर्यंत चोख. पाव आमच्या घरचा आणि पाव दुसऱ्या तीन आणेवाल्यांचा. दोन्ही बाबांनी एकट्यानं भरले होते. सही त्यांची होती ना. शेवटची नोंद १९७० च्या दिवाळीची.

मग मला उलगडलं, की आत्याचं टुमणं बाबा गेल्यावरच का सुरू झालं. लहानपणी मी तिला अर्ध्या शेअरबद्दल बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. तिला मागायची गरज नव्हती; तिचा अर्धा दर वर्षी तबकात येत होता. बाबा फार सज्जन होते, याबद्दल मला आता दोन आण्यांचीही शंका नाही. पण त्यांनी तो सज्जनपणा तबकात ठेवला, वहीत लिहिला नाही. तबकातली गोष्ट तबकाबरोबर जाते. त्यांनी १९५७ साली एक ओळ लिहिली असती, तर पुढची तेवीस वर्षं आत्या वेडी ठरली नसती आणि मी तिला बेरीज शिकवली नसती.

दुरुस्तीची वाट नातवानंच काढली. अर्धा शेअर लिहिता येत नाही ना? मग हजाराच्या एका शेअरचे अडीचशेचे चार करा. शंभराचे झाले चारशे. चार आणेवाल्यांचे शंभर-शंभर, तीन आणेवाल्यांचे शहात्तर-शहात्तर, ताईचे अठ्ठेचाळीस. आता दोन्ही तीन आणेवाल्यांनी एकेक शेअर ताईला द्यायचा. पंचाहत्तर, पंचाहत्तर, पन्नास. सोळा आणे हिशेब! दुसरं तीन आणेवालं घर जरा कुरकुरलं. “एका शेअरचे पाच लाख व्हतात राजेहो!” त्यांच्यापुढे मी बाबांची वही ठेवली आणि म्हटलं, “तुमच्या पावाची भाऊबीज आमच्या बाबांनी भरलेली आहे. व्याज नको.” त्यांनी सही केली. मीही केली. माझी सही जरा वाकडी आली, एवढं कबूल करतो.

नातू सांगत होता, अमेरिकेत या कामातली एक बडी कंपनी आहे, कार्टा. २०१२ साली निघाली. हजारो कंपन्यांच्या हिश्श्यांची वही तिच्याकडे. तिच्यावर २०२४ च्या जानेवारीत एका गिऱ्हाइकानं जाहीर तक्रार केली, की वहीतली नावं पाहून तिच्या माणसांनी भागधारकांना शेअर विकण्याबद्दल विचारलं. एवढा बोभाटा झाला, की कार्टानं शेअरच्या खरेदी-विक्रीचा तो धंदाच सोडला. मला आमचे मुनीमजी आठवले. त्यांनी गणितात चूक केली, पण वही वाचून दलाली कधी केली नाही. यंत्र असो की माणूस, वही सांभाळणाऱ्यानं वहीच सांभाळावी. आणि आपण अधूनमधून तिच्यात डोकावून, बेरीज जुळली तरी, हा आकडा आला कुठून, एवढं विचारावं.

सगळं झाल्यावर नातवानं ताईला यंत्रात तिचं नाव दाखवलं. पन्नास शेअर, साडेबारा टक्के. तिनं बोट लावून ते दोनदा वाचलं. “आईले दाखवाले पायजे होतं,” म्हणाली, आणि चष्मा काढून बसली.

चार दिवसांनी भाऊबीज होती. ताईनं मला ओवाळलं. मी मोठ्या उदारपणानं तबकात एकशे एक रुपये ठेवले. तिनं नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “साडेतेवीस काहून नाई टाकले, बाप्पा?”